हॅमस्टरचा पिंजरा स्वच्छ ठेवायचा, पण त्याचं घर मोडायचं नाही

नवीन हॅमस्टर घरी आला की पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास पडतात. पिंजऱ्याला वास येतोय, काय करू? आणि रात्रभर गज चावत बसतो, काय करू? बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर दर रविवारी सगळा पिंजरा रिकामा करून, घासून-पुसून, नवं बेडिंग (पिंजऱ्यात अंथरायचा कागदाचा किंवा लाकडाचा भुसा) घालतात. दुसऱ्यावर एखादं खेळणं आणून टाकतात. आठवडाभरात वास पुन्हा येतो, गज चावणंही चालूच राहतं, आणि 'हॅमस्टर असाच असतो' अशी समजूत करून घेतली जाते.

हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून येतात, म्हणून त्यांचं उत्तरही एकत्रच शोधावं लागतं. हॅमस्टर हा बिळात राहणारा प्राणी आहे. त्याची नजर कमजोर असते, घर तो वासानं ओळखतो. सीरियन म्हणजे सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतजमिनींमधला. तिथे मोजलेली त्याची बिळं ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल सापडली आहेत. वरून सरळ खाली जाणारं एक तोंड, आत झोपायची खोली, दाण्याची कोठी आणि लघवीसाठी एक बंद टोक. म्हणजे कोण कुठे झोपणार, कुठे साठवणार आणि कुठे घाण करणार, हे त्यानं स्वतःच आखलेलं असतं. आपण दर आठवड्याला ती सगळी आखणी उपसून कचऱ्यात टाकतो आणि मग तो घाबरून सगळीकडे नव्यानं वास सोडत सुटतो. वास वाढतो तो त्यामुळेच.

तेव्हा हा लेख कमीत कमी उपसाउपशी करून पिंजरा स्वच्छ कसा ठेवायचा आणि त्याच ओघात हॅमस्टरला दिवसभराचं, खरं तर रात्रभराचं, काम कसं द्यायचं याबद्दल आहे.

आधी हे जमवून ठेवा

- कागदाच्या लगद्याचं किंवा अॅस्पेनच्या लाकडाचं बिनवासाचं, धूळ नसलेलं बेडिंग. भरपूर. जितकं लागेल वाटतं त्याच्या दुप्पट.
- सुकं गवत, उदाहरणार्थ टिमोथी जातीचं
- बारीक वाळू आणि ती ठेवायला काचेचं किंवा सिरॅमिकचं पसरट भांडं
- वाळू चाळायला फक्त याच कामासाठी ठेवलेली चाळणी
- जुना चमचा किंवा लहान फावडी
- जुना टूथब्रश आणि बाटलीच्या नळीत जाईल असा बारीक ब्रश
- पांढरं व्हिनेगर आणि स्प्रेची बाटली
- हॅमस्टरला तात्पुरतं ठेवायला झाकणाचा, हवेशीर डबा
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, ग्रॅम दाखवणारा

वजनकाट्याचं या यादीत काय काम, असं वाटेल. ते शेवटी सांगतो.

१. आधी जागा आणि बेडिंगची खोली नीट करा

पिंजरा लहान असेल तर पुढच्या कुठल्याच पायरीचा उपयोग होणार नाही. लहान जागेत झोपायची जागा, खायची जागा आणि लघवीची जागा एकमेकांना चिकटतात आणि दोन दिवसांत सगळंच ओलं होतं. जर्मनीतल्या प्राणीकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं किमान १०० बाय ५० सेंटिमीटर तळ आणि ५० सेंटिमीटर उंची सुचवली आहे. तेवढं शक्य असेल तर तिथूनच सुरुवात करा. रोबोरोव्हस्कीसारख्या इटुकल्या जातींना जागा कमी लागते असं समजू नका. त्या जाती फार पळणाऱ्या आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बेडिंगची खोली. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पिंजऱ्यांच्या तळाचा ट्रे इतका उथळ असतो की त्यात चार बोटं बेडिंगही मावत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल बेडिंगवर ठेवून पाहिलं होतं. १० सेंटिमीटरवाले गज जास्त चावत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. ८० सेंटिमीटरवाल्यांमध्ये गज चावणं दिसलंच नाही. घरात ८० सेंटिमीटर प्रत्येकाला जमणार नाही, पण निदान एका बाजूला २५-३० सेंटिमीटर तरी भरा आणि दुसऱ्या बाजूला उतार करत आणा. उथळ बाजूला चाक, वाळू, पाणी. खोल बाजूला बिळं.

बेडिंग भरताना मध्ये मध्ये सुक्या गवताचा थर घाला आणि तळव्यानं दाबत जा. नुसतं भुसभुशीत बेडिंग कोसळतं, बीळ टिकत नाही. गवताचे धागे ते धरून ठेवतात.

इथे तीन धोके आहेत. देवदाराचा आणि कच्च्या पाइनचा वासाचा भुसा आणू नका. त्यातली तेलं श्वासाला त्रास देतात. कापसासारखं लुसलुशीत बेडिंग 'हॅमस्टरसाठी खास' म्हणून विकलं जातं, तेही नको. त्याचे तंतू पायाला गुंडाळून रक्तपुरवठा बंद होतो, पोटात गेले तर आतडं अडतं. त्याऐवजी साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून द्या, तो स्वतः पट्ट्या करून घरटं विणतो. तिसरा धोका जड वस्तूंचा. चाक, वाळूचं भांडं, दगड नुसते बेडिंगवर ठेवले आणि हॅमस्टरनं खालून बोगदा खणला तर ती वस्तू त्याच्यावर कोसळते. जड वस्तू नेहमी तळाला टेकलेल्या पायांच्या फळीवर ठेवा.

२. त्याची लघवीची जागा शोधा

बहुतेक हॅमस्टर लघवीला एकच जागा धरतात. सहसा घरट्यापासून जवळ, पण घरट्यात नाही. कोपरा असेल तर फारच उत्तम. पहिले आठ-दहा दिवस काहीही बदलू नका, फक्त बघा. काचेच्या टाकीत हे सोपं असतं, भिंतीलगत पिवळसर ओला गोळा दिसतो.

जागा कळली की तिथेच वाळूचं छोटं भांडं ठेवा आणि त्यात ओल्या बेडिंगचा चिमूटभर तुकडा टाका. वासामुळे त्याला कळतं की हे त्याच कामाचं ठिकाण. आमच्या सीरियन मादीनं ही जागा पटकन उचलली आणि पिंजऱ्याच्या सफाईचं निम्म्याहून जास्त काम तिथेच मिटलं. सगळे इतक्या सहज ऐकत नाहीत. काही जण भांड्यात झोपतात, काही त्यात दाणे साठवतात. मग भांडं हलवून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून बघा, पण आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा नको.

लेंड्यांची काळजी करू नका. त्या सुक्या, कडक आणि बिनवासाच्या असतात, आणि हॅमस्टर त्या कुठेही टाकतो. त्यातल्या काही तो परत खातो, हेही नैसर्गिक आहे. पहिल्या फेरीत न मिळालेलं पोषण दुसऱ्या फेरीत मिळतं. वास येतो तो लघवीला आणि सडलेल्या भाजीला. दोन्हींवर लक्ष ठेवलं की बाकी फार काही उरत नाही.

वाळूबद्दल एक सूचना. चिंचिला नावाच्या दुसऱ्या पाळीव प्राण्यासाठी मिळणारी पिठासारखी भुकटी वापरू नका, ती फुप्फुसात जाते. कॅल्शियमची रंगीत वाळूही नको. समुद्राची वाळू खारट असते, तीही नको. खेळण्याची साधी, धुतलेली, भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवून कोरडी केलेली वाळू चालते. लघवीच्या भांड्याशिवाय अंघोळीसाठी वाळूचं दुसरं मोठं भांडं ठेवा. हॅमस्टर त्यात लोळून अंगाचा तेलकटपणा घालवतो. त्याला पाण्यानं अंघोळ कधीही घालू नका, कितीही मळलेला दिसला तरी. अंगावरचं तेल निघून जातं, थंडी बसते आणि छोटासा जीव त्या ताणानं आजारी पडतो.

३. रोजचं काम: संध्याकाळी, तो उठल्यावर

दिवसा सफाई करू नका. हॅमस्टर दिवसा झोपतो आणि घरट्यात हात घालून उठवलं तर चावतो. चूक त्याची नसते. तो स्वतः उठून बाहेर आला की कामाला लागा:

आदल्या दिवशीच्या भाजीचा उरलेला तुकडा काढा. लघवीच्या भांड्यातली ओली वाळू चमच्यानं उचला, तेवढीच नवी घाला. पाण्याच्या बाटलीच्या टोकाची गोळी बोटानं दाबून थेंब येतो का पाहा. बाटली भरलेली दिसते म्हणून पाणी मिळतंय असं धरू नका. गोळी अडकली की बाटली भरलेली राहते आणि प्राणी तहानलेला. याच कारणासाठी बरेच जण बाटलीसोबत एक जड, उथळ वाटीही ठेवतात.

ओली भाजी देताना तुकडा तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा नको. मोठा तुकडा खाल्ला जात नाही, गालाच्या पिशवीत जातो आणि तिथून थेट कोठीत. दोन दिवसांनी बुरशी.

४. आठवड्यातून एकदा: कोठी, चाक, बाटली

कोठीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सफाईतली सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

हॅमस्टरच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात आणि त्या खांद्याच्याही मागे पोचतात. त्यात दाणे भरून तो बिळात जातो, पुढच्या पंजांनी गाल मागून पुढे ढकलतो आणि सगळं ओततो. एकदा काचेतून हे बघायला मिळालं तर बघत बसा: सूर्यफुलाच्या बिया एका बाजूला, ओटचे दाणे दुसऱ्या, आणि आवडत नसलेल्या गोळ्या बाहेरच सोडलेल्या. ही कोठी त्याची सुरक्षितता आहे. ती पूर्ण रिकामी केली तर तो रात्रभर अस्वस्थ राहतो आणि पुढचे कित्येक दिवस खाण्यापेक्षा साठवण्यातच जातात.

म्हणून आठवड्यातून एकदा तो बाहेर असताना कोठीचा फक्त वरचा भाग हलक्या हातानं उघडा. ओलं, चिकट, काळं पडलेलं काढा. कोरडे दाणे तिथेच राहू द्या. जर जास्त काढावं लागलं, तर तेवढेच कोरडे दाणे त्याच जागी ठेवून परत झाका. बिळाच्या तळाशी हात घालायला जाऊन बोगदे मोडू नका. कोठीत फार साठा दिसत असेल तर रोजचं खाणं कमी करा, कोठी उपसू नका.

चाकाचं काम सोपं आहे पण टाळता येत नाही. अनेक हॅमस्टर पळता पळता चाकातच लघवी करतात आणि ती खाचांमध्ये वाळून पांढरा थर बसतो. हॅमस्टरच्या लघवीत कॅल्शियम जास्त असतं, म्हणून ती मुळातच दुधाळ, गढूळ दिसते. तो पांढरा थर त्याचाच. चाक काढा, व्हिनेगर मारून दहा मिनिटं ठेवा, टूथब्रशनं घासा, कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत परत लावा. एक रात्रही चाकाशिवाय काढायला लावू नका. करकर आवाज येत असेल तर आसावर वनस्पती तेलाचा एक थेंब पुरतो.

बाटली बारीक ब्रशनं आतून घासा. हिरवट चिकटपणा नळीत आधी धरतो, बाटलीत नंतर.

५. बेडिंग बदलताना अर्ध्यापेक्षा जास्त कधीच नाही

सगळं बेडिंग एकदम बदलायचं नाही. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी तुमच्या हॅमस्टरचं आयुष्य बरंच सोपं होईल.

पिंजरा मोठा आणि बेडिंग खोल असेल, लघवीचं भांडं वापरात असेल, तर तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, एकतृतीयांश ते अर्धं बेडिंग बदललं तरी पुरतं. पिंजरा लहान असेल तर लवकर बदलावं लागेल, पण प्रमाण तेच. करायचं असं:

हॅमस्टरला डब्यात हलवा. डब्यात त्याच्याच घरट्यातलं मूठभर बेडिंग, एक लपायची जागा आणि काकडीचा छोटा तुकडा असू द्या. उचलताना वरून झडप घालू नका. वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षी. मगमध्ये किंवा बोगद्यात त्याला आपणहून येऊ द्या आणि तसाच उचला.

मग घरटं आणि त्याच्या भोवतालचं कोरडं बेडिंग अलगद एका बाजूला काढून ठेवा. ओले गोळे शोधून फेका. काचेच्या तळाशी ओल उतरलेली असेल तर तिथलं बेडिंग खालपर्यंत काढा. उरलेल्यातलं स्वच्छ, सुकं जुनं बेडिंग नव्यात मिसळा. शेवटी घरटं परत त्याच कोपऱ्यात ठेवा, घर, चाक, भांडी पूर्वीच्याच जागी.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: एकाच दिवशी बेडिंग बदलणं, चाक धुणं, वाळू बदलणं आणि लाकडी घर पुसणं हे सगळं करू नका. या आठवड्यात बेडिंग, पुढच्या आठवड्यात वाळू, असं वाटून घ्या. प्रत्येक वेळी त्याच्या वासाच्या चार-पाच वस्तू पिंजऱ्यात राहिल्या पाहिजेत.

६. कशानं पुसायचं

पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. काच, प्लास्टिक, सिरॅमिक सगळ्याला चालतं, लघवीचा थर सुटतो. पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा फडका फिरवा आणि व्हिनेगरचा वास पूर्ण उडेपर्यंत थांबा.

फिनाईल, सुगंधी फ्लोअर क्लीनर, एअर फ्रेशनर, अगरबत्ती, परफ्यूम यांतलं काहीही पिंजऱ्याजवळ नको. ब्लीच वापरायची वेळ साधारणपणे संसर्गानंतरच येते. तेव्हाही ते व्हिनेगरमध्ये मिसळू नका आणि लघवीच्या साचलेल्या थरावर टाकू नका, दोन्हींतून विषारी वायू निघतो.

लाकडी वस्तू पाण्यात भिजवू नका. ओल आत मुरते आणि बुरशी धरते. वरचा थर सॅंडपेपरनं घासा, ओलसर फडक्यानं पुसा, उन्हात कडकडीत वाळवा. घराला तळ नसेल तर सगळ्यात बरं, कारण लघवी लाकडात मुरायला जागाच राहत नाही.

सफाईनंतर साबणानं हात धुवा, लहान मुलांनाही धुवायला लावा. हॅमस्टर वरून निरोगी दिसला तरी त्याच्यामुळे माणसाला साल्मोनेलासारखा संसर्ग होऊ शकतो. पिंजऱ्याच्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजऱ्याची सफाई दुसऱ्यानं करावी.

७. एवढं करूनही वास येत असेल तर

आधी लाकडी घराचा तळ हुंगून बघा. मग चाकाच्या मागची बाजू. मग कोठीतली भाजी. बहुतेक वेळा वास या तिघांपैकी एकाचा निघतो.

मादी हॅमस्टर असेल आणि दर चौथ्या दिवशी संध्याकाळी तीव्र, कस्तुरीसारखा वास येत असेल, तर तो घाणीचा नाही. मादीचं ऋतुचक्र चार दिवसांचं असतं आणि हा त्याचा वास असतो. त्यासाठी पिंजरा धुऊ नका; दुसऱ्या दिवशी तो आपोआप जातो.

सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपके दिसले तर घाबरू नका. त्या वासाच्या ग्रंथी आहेत. छोट्या जातींमध्ये ती पोटावर असते. जखम समजून त्यावर मलम लावणारे बरेच भेटतात.

८. कंटाळा कसा ओळखायचा

गज चावणं, एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उभं राहून पंजे घासणं, छताच्या गजांना लटकून चालणं, एकाच वाटेनं ठरावीक येरझाऱ्या. या हालचालींना थांबा नसतो, ही त्यांची खूण. पाच मिनिटं बघा. शोध घेणारा हॅमस्टर थांबतो, हुंगतो, दिशा बदलतो. कंटाळलेला तेच आणि तसंच करत राहतो.

गज चावल्यामुळे दात घासले जातात आणि ते चांगलंच, असा एक समज आहे. तो खोटा आहे. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्यांना झीज हवीच, पण धातूवर ते तुटतात, वाकडे वाढतात, नाकाजवळची कातडी सोलवटते. दातांना सफरचंदाची, हेझलची किंवा विलोची फवारणी न केलेली फांदी द्या.

आणि कंटाळा आला असेल म्हणून दुसरा हॅमस्टर आणू नका. हे मला कळकळीनं सांगायचं आहे. सीरियन हॅमस्टर एकटाच राहतो. वयात आल्यावर दोघे एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांना जिवे मारेपर्यंत भांडतात. छोट्या जाती एकत्र राहतात असं दुकानदार सांगतात, पण त्यांचीही बरीच जोडपी पुढे भांडतात, तेही अचानक. एका हॅमस्टरला एक पिंजरा.

९. त्याला काम द्या

कंटाळ्यावर खेळण्यांपेक्षा काम जास्त लागू पडतं. रानात त्याचा जागेपणीचा वेळ खणण्यात, शोधण्यात आणि वाहून नेण्यात जातो. ही तीन कामं पिंजऱ्यात आणा.

खणायला खोल बेडिंग आहेच. त्याशिवाय एका कोपऱ्यात नारळाच्या काथ्याची भुकटी, सुकं शेवाळ किंवा फवारणी नसलेली सुकी पानं भरलेला वेगळा डबा ठेवा. पायाखाली वेगळं काही लागलं की तो तिथे बराच वेळ रमतो. बाहेरून आणलेली पानं आणि फांद्या आधी फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा, म्हणजे किडे मरतात.

शोधण्यासाठी खाण्याची वाटी बंद करा. रोजचे दाणे बेडिंगवर विखरून टाका, काही पुठ्ठ्याच्या डब्यात कागदाच्या बोळ्यांमध्ये लपवा, काही वाळूत. बाजरीची किंवा राळ्याची सुकी कणसं बेडिंगमध्ये उभी खोचा, तो ती तोडून ओढत नेतो. सगळ्या बदलांमध्ये हा एकच बदल करायचा असेल तर हा करा. फुकटचा आहे आणि परिणाम दुसऱ्याच रात्री दिसतो.

वाहून नेण्यासाठी टिश्यू पेपरच्या पट्ट्या आणि गवत पिंजऱ्याच्या लांबच्या टोकाला ठेवा. घरट्याजवळ आयतं देऊ नका.

चाक हवंच, आणि ते मोठं हवं. सीरियनसाठी किमान २८ सेंटिमीटर व्यास, छोट्या जातींसाठी २० सेंटिमीटर. पळताना पाठ सरळ दिसली पाहिजे. पाठ मागे वाकत असेल तर चाक लहान आहे, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पट्ट्यांचं किंवा जाळीचं चाक घेऊ नका, त्यात पाय अडकून मोडतो. बंद तळाचंच घ्या.

बोगद्यांची आणि घराच्या दारांची रुंदी सीरियनसाठी ७ सेंटिमीटर धरा, छोट्यांसाठी ५. रिकामा हॅमस्टर कुठूनही जातो, गाल भरलेला अडकतो. टॉयलेट पेपरचा पुठ्ठ्याचा रोल मोठ्या सीरियनला अरुंद पडतो. तो देताना लांबीत एक चीर द्या.

उंच मजले लावू नका. हॅमस्टरला खोलीचा अंदाज येत नाही, तो कडेवरून सरळ पुढे पाऊल टाकतो. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या वर उघडी कड नको.

प्लास्टिकच्या बंद चेंडूत घालून घरभर सोडणं हा खेळ नाही. आत हवा कमी, मिशांनी काही चाचपता येत नाही, भिंतीवर आदळलं तर थांबता येत नाही आणि फटींत बोटं अडकतात. त्याऐवजी जमिनीवर चारही बाजूंनी बंद आवार करा, आत त्याच्या ओळखीची एक लपायची जागा आणि पुठ्ठ्याचे डबे ठेवा आणि स्वतः आत बसा. अंगावर चढू द्या. वीस-तीस मिनिटं पुरतात.

बदल करा, पण एका वेळी एकच. या आठवड्यात नवा बोगदा, पुढच्या आठवड्यात पानं. सगळी मांडणी एकदम बदलणं म्हणजे पुन्हा तेच, घर मोडणं.

१०. केव्हा हात लावायचा नाही

नवा हॅमस्टर आल्यावर पहिला आठवडा: पाणी, दाणे आणि सडणारी भाजी एवढंच.

पिल्लं झाली तर: दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते, सीरियनचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा असतो. गुलाबी पिल्लं दिसली तर पहिले दोन आठवडे सफाई नाही, घरट्याकडे हात नाही, डोकावणंही नाही. घाबरलेली आई पिल्लं खाऊन टाकते. खाणं-पाणी मात्र भरपूर द्या.

खोली फार थंड झाली आणि हॅमस्टर गार, निपचित पडलेला आढळला तर: लगेच मेला असं समजू नका. कडाक्याच्या थंडीत त्याचं शरीर शीतनिद्रेसारख्या अवस्थेत जातं. श्वास फार मंद असतो, मिशा क्वचित हलतात. हातांच्या उबेत हळूहळू गरम करा आणि डॉक्टरांना फोन करा. गरम पाण्यात घालू नका. खोलीचं तापमान साधारण १८ ते २४ अंशांच्या दरम्यान राहिलं तर ही वेळ येत नाही.

११. सफाई करताना डॉक्टरकडे जायचं केव्हा कळतं

वजनकाटा इथे लागतो. डबा आधी काट्यावर ठेवून शून्य करा, मग त्यात हॅमस्टर. दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा. आजार लपवण्यात हा प्राणी पटाईत असतो, पण वजन त्याला लपवता येत नाही. दोन आठवडे सलग घटत असेल तर दात, गालाच्या पिशव्या आणि पोट तपासून घ्या.

शेपटीखालचा भाग ओला, चिकट, घाणेरड्या वासाचा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. याला वेट टेल म्हणतात. विशेषतः तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांमध्ये तो वेगानं जीव घेतो, आणि प्रवास, गर्दी, वारंवार सफाई यांचा ताण त्याला आमंत्रण देतो. एरवी ज्या पूर्ण सफाईला मी इतका विरोध केला, ती इथे करावीच लागते. सगळं बेडिंग, पुठ्ठा आणि लाकूड टाकून द्या, बाकीचं गरम पाण्यानं धुवा. पिसू-किडींसाठी उपचार चालू असतानाही तेच.

डॉक्टर निवडताना छोट्या प्राण्यांचा अनुभव आहे का हे आधी विचारा. पेनिसिलिन गटातली काही अँटिबायोटिक्स हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात आणि त्यानं प्राणी दगावतो. म्हणून माणसाचं किंवा कुत्र्याचं घरात पडलेलं औषध अंदाजानं देऊ नका. जाताना वजनाची वही, ओल्या बेडिंगचा नमुना आणि ताज्या लेंड्या छोट्या डबीत घेऊन जा. तपासणीच्या टेबलावर घाबरलेला हॅमस्टर काहीच दाखवत नाही, त्यामुळे डॉक्टरांचे निम्मे प्रश्न या तीन गोष्टींवरूनच सुटतात.